एकच रकाना

पाटाला पाट म्हणायचं हे मिरजेतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. बनवणाऱ्यांनी त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, सरकारी पत्रात ते दीड ओळ खायचं. पण वीतभर उंचीच्या, गुळगुळीत, चौकोनी वस्तूवर अनवाणी उभं राहायचं म्हटल्यावर तिला दुसरं काय म्हणणार? पहिल्याच दिवशी एका आजींनी विचारलं होतं, "भोवती रांगोळी नाही काढली का?" तेव्हापासून तो पाटच.

वैजयंती कुंभोजकर या एका अर्थी पाटाच्या आई. वय चौसष्ट, २०३९ साली निवृत्त होऊन आता चार वर्षं झालेली. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी मिरजेत पावलांचं केंद्र चालवलं. मधुमेहानं, तंबाखूनं नाहीतर नुसत्या वयानं थकलेले पाय तपासायचे, त्यांत रक्त नीट पोचतंय का ते बघायचं, आणि पाय कापायची पाळी येण्याआधी माणसाला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे धाडायचं, असं ते काम. गावात त्यांना 'पायवाल्या बाई' म्हणत. सुरुवातीला त्यांना त्या नावाचा राग यायचा. पुढे बँकेतसुद्धा त्याच नावाने ओळख पटायला लागली, तेव्हा राग गेला.

त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी तीस हजारांवर माणसांची कार्डं लिहिली होती. कुणाच्या घोट्यात दाब किती, दंडात किती, त्याचा पाय पुढे टिकला की गेला, सगळं त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. एका पायाची एवढ्या वर्षांची गोष्ट आणखी कुणी लिहून ठेवलेली नव्हती. पाट शिकला तो या कार्डांवर. शनिवारी सांगलीत समारंभ होता, आणि त्याच दिवशी चारशे आरोग्यकेंद्रांत चारशे पाट सुरू व्हायचे होते. प्रत्येक पाटाच्या कडेला पितळेची बारीक पट्टी होती: 'वैजयंती कुंभोजकर यांच्या नोंदींवर आधारित'. बाई चारचौघांत म्हणायच्या, कशाला हवी होती ती पट्टी. आणि बेळगावच्या बहिणीला तिचा फोटो मात्र तीन बाजूंनी काढून पाठवला होता.

चाचणीचा पाट मिरजेच्या केंद्रात आधीपासूनच होता. बुधवारी सकाळी बाई तिथे गेल्या तेव्हा त्यावर झुबेदा उभी होती.

झुबेदा म्हणजे तंबोरे करणाऱ्या दस्तगीरचाचांची मुलगी. वडील गेल्यावर दुकान तिनेच चालवलं. आता अठ्ठावन्नची झाली होती. पाटावर उभी राहून ती उजव्या बाजूच्या दांड्यावरची मूठ घट्ट धरून होती आणि समोरच्या पडद्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तशी बघत होती.

"हलू नका हं, अजून चाळीस सेकंद," ऋचा म्हणाली. ऋचा मगदूम ही पाट बनवणाऱ्या चमूतली अभियंता, जयसिंगपूरची, एकोणतीस वर्षांची. पाटाला कुणी यंत्र म्हटलं तरी तिला वाईट वाटायचं.

पाट काय करतो हे तिने बाईंना पहिल्यांदा समजावलं तेव्हा बाई लहान मुलीसारख्या ऐकत राहिल्या होत्या. तळव्याखालून कातडीत मंद प्रकाश सोडायचा. रक्तपेशी हलत असल्या की परत येणारा प्रकाश थरथरतो, त्या थरथरीवरून कुठे किती रक्त फिरतंय त्याचा नकाशा होतो. घोट्याभोवती दोन मऊ पट्टे आपोआप आवळतात आणि घोट्यातला रक्तदाब घेतात. उजव्या हाताची मूठ दंडातला दाब सांगते. मग घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं. निरोगी माणसात उत्तर एक किंवा जरा जास्त येतं, कारण पायापर्यंतची वाट मोकळी असते. नऊ दशांशाच्या खाली उतरलं, की वाटेत कुठेतरी गाळ साचलाय असं समजायचं. हे गणित बाईंना नवं नव्हतं, जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. नवं एवढंच, की पाट ते गणित तीस हजार कार्डांशी ताडून बघायचा आणि दोन मिनिटांत रंग सांगायचा: हिरवा, हळदी नाहीतर लाल.

पडदा हिरवा झाला.

"झालं, मावशी. एकदम छान. आता वर्षानं या," ऋचा म्हणाली.

झुबेदा खाली उतरली, पण तिचा चेहरा काही हिरवा झाला नाही. "छान कुठलं ओ. मार्केटपर्यंत चाललं की पोटऱ्या आवळून येतात. दोनदा कुणाच्यातरी पायरीवर टेकायला लागतंय." मग तिचं बाईंकडे लक्ष गेलं आणि ती हसली. पिशवीतून तिने डबा काढला आणि डाव्या हाताने पुढे केला. "खोबऱ्याच्या वड्या हायत. डाव्या हातानं देतेय, राग मानू नका. उजवा दोन महिने झाले लई भरून येतोय. तार ताणायला घेतली की मुंग्याच येतात."

बाईंनी डबा घेतला. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं आणि पुन्हा निसटलं. काय ते त्यांना कळेना, पण वडी खाण्याची इच्छा गेली.

---

पूर्वी हे केंद्र म्हणजे एकच खोली होती. बाहेर दगडी पायरी, पायरीवर चपलांची रांग. बाई आत शिरण्याआधी त्या रांगेवरून सांगू शकत, की आज कोण कोण आलंय. टाच बाहेरून झिजलेली असली तर हमाल तुकाराम, अंगठ्यापाशी भोक असलं तर शिंदेमास्तर. आत लाकडी टेबल, त्यावर ध्वनिलहरींचं छोटं यंत्र, डॉपलर. पेन्सिलीएवढी नळी घोट्यावर टेकवायची. ती लहरी सोडते, धावत्या रक्तावर आपटून त्या परत येतात, आणि एसटी जवळ येताना नि लांब जाताना हॉर्न बदलतो तसा त्यांचा सूर बदलतो. मग यंत्रातून रक्ताचा आवाज ऐकू येतो. नळीखाली निळं, चिकट जेल लावायचं. थंडीत ते बर्फासारखं लागे, म्हणून बाई त्याची बाटली गरम पाण्याच्या तपेलीत ठेवत. पहिला पेशंट येई तोवर जेल कोमट आणि खोली दमट होई. त्या वासाची त्यांना अजूनही आठवण येते. निवृत्तीनंतर एकदा त्यांनी घरी नुसती तपेली तापवून बघितली होती, पण तसं काही झालं नाही.

तेव्हा माणसं पायाला हात लावून द्यायलाच तयार नसत. बाईमाणूस आपल्या पायाला हात लावतेय म्हटल्यावर म्हातारे पाय आक्रसून घेत, आणि तपासून झाल्यावर बाईंचा हात हातात घेऊन कपाळाला लावत. दंडाला पट्टा बांधायचा म्हटलं, की सगळे न सांगता उजवा हात पुढे करत. डावा असा कुणाच्या पुढ्यात टाकायची रीत नाही. शिकताना बाईंना सांगितलं होतं, की दोन्ही दंडांचा दाब घ्यायचा आणि जो जास्त तो धरायचा. पहिले काही आठवडे त्या डावाही मागत. बायका तो पदराआड नेत, पुरुष म्हणत, "हा कशाला, हाच घ्या की." बाहेर पायरीवर पंचवीस माणसं. सहाव्या आठवड्यात बाईंनी स्वतःची कार्डं छापून घेतली, तेव्हा त्यांवर दंडासाठी एकच रकाना ठेवला.

दस्तगीरचाचा पहिल्यांदा आले ते २०१२ साली. आवाज सुरू झाला तसे त्यांनी डोळे मिटले. निरोगी नाडीत तीन आवाज असतात: हृदयाचा धक्का, मग नाडी जराशी मागे सरते तो, आणि पुन्हा पुढे येते तो. वाट अरुंद झाली की आधी तिसरा जातो, मग दुसरा, आणि शेवटी एकच थकलेला सुस्कारा राहतो. हे बाई सांगायच्या आतच चाचा म्हणाले होते, "तीन हायत की ओ. घोट्यात एवढं चालतंय आणि आम्हाला पत्ता न्हाई." मग त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या पायाचाही आवाज हट्टाने ऐकला आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाचाही.

पुढच्या वर्षी ते आले तेव्हा म्हणाले, "बाई, आवाज बसलाय. एकच राहिला."

बाईंनी आकडा काढला. चांगला होता, जवळजवळ एक. चाचांनी नेहमीप्रमाणे बाही आधीच वर करून उजवा हात टेबलावर ठेवला होता. बाई हसल्या होत्या. "आकडा बघा की, चाचा. पाय मस्त आहे. यंत्राचा सेल उतरला असेल."

"असंल," चाचा म्हणाले होते. "तुम्ही म्हणताय तर असंल."

त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाईंनी चार रात्री जागून कारण शोधलं होतं. मधुमेहात कधीकधी नाडी इतकी कडक होते, की पट्टा ती दाबूच शकत नाही, आणि आकडा खोटा चांगला येतो. चाचांना मधुमेह होता. बाईंनी कार्डावर लिहिलं: 'कडक वाहिनी', आणि चाचांनाही तेच समजावलं. चाचांनी मान डोलावली. तंबोऱ्याचा भोपळा ते दोन्ही पायांत धरून घासत. मग झुबेदाने वाळूची पिशवी शिवून दिली आणि एक पाय नि एक पिशवी यांत भोपळा धरून ते आणखी सहा वर्षं काम करत राहिले. बाईंना त्यांनी कधी शब्दाने दुखावलं नाही. उलट ईदेला शीरखुर्मा पहिला बाईंकडे यायचा.

---

"ऋचा," बाई म्हणाल्या, "ते कपाटातलं जुनं यंत्र चालतं का गं?"

डॉपलर काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवलं होतं, शेजारी 'जपून हाताळा' अशी चिठ्ठी. ऋचाने सेल घातला. बाईंनी झुबेदाला टेबलावर निजवलं, घोट्यावर जेल लावलं, नळी तिरकी धरली. हात चार वर्षांत काहीही विसरला नव्हता.

खोलीत एकच आवाज आला. लांब, मऊ, दमलेला.

झुबेदाने डोळे मिटले होते, अगदी बापासारखे. "एकच हाय ओ," ती म्हणाली.

"पण पाट हिरवा दाखवतोय," ऋचा म्हणाली. "घोट्याचा दाब एकशे बारा, दंडाचा एकशे अठरा. भागिले, पंचाण्णव शतांश. नॉर्मल."

"झुबेदा, डावा हात दे."

"डावा? डावा कशाला?" झुबेदाने तो ओढणीत नेला.

"दे गं बाई."

डाव्या दंडाला पट्टा बांधून बाईंनी दाब घेतला. मग पुन्हा घेतला. मग ऋचाला घ्यायला लावला. तिन्ही वेळा एकशे अडुसष्टच्या आसपास.

सांगायला लागल्या तेव्हा बाईंचा आवाज अगदी शिकवतानाचा होता, त्यांनाच तो परका वाटला. "उजव्या दंडाकडे जाणारी नाडीही अरुंद झालीय. म्हणून हात भरून येतो, म्हणून तिथला दाब खोटा कमी. हिचा खरा दाब एकशे अडुसष्ट. आता भाग."

ऋचाने मनात भागलं. "सदुसष्ट शतांश," ती म्हणाली, आणि पडद्यावरच्या हिरव्याकडे बघत राहिली.

झुबेदाला त्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पाय वेळेत सापडला होता. मांडीतून बारीक तार घालून नाडी आतून उघडतात, हे तिला सांगितल्यावर तिने फक्त विचारलं, "तार किती नंबरची?" त्या व्यवसायात माणूस दुसरं काय विचारणार.

ती गेल्यावर बाई ऋचाजवळ बसल्या. "पाटाला एकच मूठ का ठेवलीस?"

"बाई, तुमच्या तीस हजार कार्डांत डाव्या दंडाचा एकही आकडा नाही. आम्हाला वाटलं, लागत नसेल."

"आणि आवाज? तो नाही ऐकत पाट?"

"ऐकतो. पण त्याला तो महत्त्व देत नाही. कार्डांवर आवाजाबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं. ज्या थोड्या लोकांचा आकडा चांगला असून पाय गेला, त्यांच्यापुढे तुम्ही 'कडक वाहिनी' लिहिलंय. त्यांना तो अपवाद धरून सोडून देतो."

कानांनी ऐकलेलं बाईंनी कधी लिहिलं नव्हतं. त्यांना वाटायचं, ते आपल्याला येतंच.

"दस्तगीर इब्राहीम. दोन हजार तेरा. कार्ड काढ."

पडद्यावर कार्ड आलं. वर दंडाचा एक रकाना, त्यात एक आकडा. खाली शेऱ्यांच्या जागी बाईंच्याच बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एक ओळ होती: 'काम करताना उजवा हात दमतो, असे सांगतात.'

त्यांनी लिहिलं होतं. चाचांनी सांगितलं, त्यांनी उतरवून घेतलं, आणि तीस वर्षं ती ओळ तिथे पडून होती. सकाळी जे आठवून निसटलं होतं ते हे.

"कडक वाहिनी पण असू शकेल, बाई," ऋचा हळूच म्हणाली. "आता कळायला मार्ग नाही."

"असू शकेल. पण डावा हात मागितला असता तर त्या दिवशीच कळलं असतं."

ऋचाने चष्मा काढून पुसला. मग तिने ते विचारलं, आणि तिचा तरी त्यात काय दोष. "असे किती निघतील? शंभरात दोन? शनिवारी चारशे पाट सुरू होऊ देत. दुसरी मूठ पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत घालू. नाहीतर सगळंच थांबेल, आणि मग लोकांना हेही नाही नि तेही नाही. आणि तुमची कार्डं… लोक म्हणतील, सगळीच चुकीची."

खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. पट्टीवर त्यांचं नाव होतं. मूल नसलेल्या बाईचं नाव पितळेवर चारशे गावांत लागणार होतं, आणि त्यांना ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. शंभरात दोन. तीस हजारांत सहाशे. सहाशे माणसांच्या चपला एका पायरीवर मावणार नाहीत.

"तुझ्या वरच्यांना उद्या सकाळी कळव," त्या म्हणाल्या. "आज नको. आज मला आधी दुसरीकडे जायचंय."

---

तंबोऱ्यांच्या गल्लीत आता तीनच दुकानं उरली होती. झुबेदाच्या दुकानात माळ्यावर भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुगा, भिंतीशी रांगेने उभे अर्धवट तंबोरे. कोपऱ्यात चाचांची वाळूची पिशवी अजून होती. तिच्यावर झुबेदाचं मांजर झोपत असे. बाई चटईवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

झुबेदा घोडीवर काम करत होती. घोडी म्हणजे तारांखालची हाडाची पट्टी. तिचा माथा कानसेने कणाकणाने घासायचा, तार तिला जेमतेम चाटून जायला लागली की सूर गुंजतो. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय, असं तिने सांगितलं. उजवा हात थांबवून थांबवून ती कानस चालवत होती.

बाईंनी प्रस्तावना केली नाही. "झुबेदा, तुझा आकडा चुकला तसाच चाचांचा चुकला होता. मशीननं नाही, मी चुकवला. मी त्यांचा डावा हात घेतलाच नाही. त्यांनी सांगितलं होतं, हात दमतो म्हणून. आवाज बसलाय, हेसुद्धा सांगितलं होतं. मी सेल उतरला म्हणाले."

कानस थांबली.

"घेतला असता तर?"

"तर आठ महिने आधी कळलं असतं. आठ महिन्यांत पाय वाचला असता. बहुतेक वाचला असता."

"अब्बांना ठाव होतं?"

"नाही. मलाही आज कळलं. मी त्यांना भलतंच कारण सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकून घेतलं."

झुबेदा उठली. आत स्टोव्ह लावल्याचा आवाज आला, मग कपांचा. बाई मांजराकडे बघत बसल्या. रडू येत होतं, पण इथे रडायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते गिळलं.

झुबेदा चहा घेऊन बाहेर आली. तिने कप डाव्या हातानेच पुढे केला. या वेळी मात्र राग मानू नका, असं ती म्हणाली नाही.

बाईंनी कप दोन्ही हातांनी घेतला. निघताना बाई म्हणाल्या, "शनिवारी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. चाचांचं नाव घेऊ का?"

झुबेदाने पुन्हा कानस उचलली होती. "घेऊ नका," ती म्हणाली. मग जरा वेळाने, वर न बघता, "आवाज बसला म्हणालेले, तेवढं सांगा."

---

शनिवारचा समारंभ झाला, पण पाट सुरू झाले नाहीत. बाईंनी नऊ मिनिटं भाषण केलं. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी सहाव्या मिनिटाला घड्याळ बघितलं आणि सातव्याला घड्याळ बघायचं विसरले. बाई म्हणाल्या, पाटात दोष नाही, तो मी शिकवलं तेवढंच शिकला. मी ज्या हाताकडे बघितलं नाही त्या हाताकडे तोही बघत नाही. एका कारागिराने मला कानाने सांगितलं होतं, की आवाज बसलाय. माझ्या कार्डावर त्यासाठी जागा नव्हती.

टाळ्या पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'पायांच्या यंत्रात घोळ' असा मथळा आला, आणि शेजारच्या बाईंनी तो कापून ठेवू का असं विचारलं. बेळगावहून बहिणीचा फोन आला. पट्टी काढा, असं बाईंनी स्वतःच लिहून दिलं होतं. ऋचा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, की जुने पेशंट बोलावून दोन्ही दंड पुन्हा घ्यायचे आहेत, आवाजही टिपायचे आहेत, तुम्ही याल का? बाई दुसऱ्याच दिवसापासून जायला लागल्या. खोली नवी होती, पण पायरीवर पुन्हा चपला दिसायला लागल्या. कितीक ओळखीच्या झिजा आता रांगेत नव्हत्या. हमाल तुकाराम जाऊन नऊ वर्षं झाली होती, शिंदेमास्तरांचा मुलगा आला तो बुटात. नवं कार्ड बाईंनीच आखून दिलं. दंडाचे दोन रकाने, आणि त्याखाली आवाजाचा एक.

झुबेदा मात्र आली नाही. तिची नाडी तार घालून उघडली, ते व्यवस्थित झालं, हे बाईंना डॉक्टरांकडून कळलं. ईद झाली. शीरखुर्मा आला नाही. बाईंनी तो दिवस भांडी घासण्यात काढला.

मार्चमध्ये, ऊन कडक व्हायला लागलं तेव्हा, एका सकाळी पायरीवर त्यांना चामड्याची जुनी चप्पल दिसली. पट्ट्यात लाकडाचा भुगा अडकलेला होता. बाई दारातच थांबल्या. आत झुबेदा टेबलाशी बसली होती, ऋचाने तिला पाणी दिलं होतं.

"चालत आले," झुबेदा म्हणाली. "मार्केटातनं. कुठं बसले नाही."

बाईंनी जेलची बाटली तपेलीतून काढली. थंडी नव्हती तरी त्यांनी ती गरम करायला ठेवलेलीच असे. झुबेदा निजली. नळी घोट्यावर टेकली आणि खोलीत आवाज आला. पहिला ठसठशीत, आणि त्यामागून दुसरा, बारीक.

"दोन आले," झुबेदा म्हणाली.

"दोन आले."

"तिसरा?"

"तिसरा कदाचित यायचा नाही आता."

झुबेदा आढ्याकडे बघत ऐकत राहिली. बाईंनी नळी काढली नाही. बाहेर कुणीतरी चप्पल काढून पायरी चढत होतं.

"तुम्ही मागितला असता तर अब्बांनी डावा दिला असता, बाई," झुबेदा म्हणाली. "तुम्हाला ते कधी नाही म्हणाले नसते."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मीच मागितला नाही."

झुबेदाने मान हलवली. मग ती उठून बसली, ओढणी बाजूला सारली, आणि बाईंनी मागायच्या आत डावा हात उघडा करून टेबलावर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "आधी हा घ्या."